तीन नंबरचा व्हॉल्व्ह

पहाटे साडेचारला दामू वाडिले
माझ्या ओट्यासमोर घंटी वाजवत नाही,
फक्त खाकरतो.
कॅरियरला फेकजाळं,
शिशाच्या गोळ्या मडगार्डवर किणकिणत.

फडाच्या पाटाकडेनं उतरतो आम्ही पांझरेत,
बंधाऱ्याखाली, जिथं चौदा वर्षं
कुणी पायसुद्धा धुतले नव्हते.

तेव्हा पाणी चहाच्या चोथ्यासारखं यायचं.
फेस उडून बाभळीवर अडकायचा,
शाळेतली पोरं त्याला कापूस म्हणायची.
चिलापी पोट वर करून गेल्या,
आणि चिलापी म्हणजे गटारातही संसार थाटणारी.

दामूनं जाळं आढ्याला टांगलं,
उंदरांनी त्यात पिलं घातली.
तो दोंडाईच्याला मिरचीची पोती उचलायला गेला.
डोळ्यांतलं पाणी, म्हणायचा, आता पगारी झालं.

मी मिलमध्ये होतो. पुठ्ठ्याच्या.
रात्रपाळी, पंप हाऊस.
अडीच वाजता साहेबाचा फोन, एकच रिंग,
की मी तीन नंबरचा व्हॉल्व्ह
सव्वाचार आटे फिरवायचो.
चाक जड होतं.
ग्रीस मी स्वतःच्या पैशानं आणलं होतं.

मिल बंद पडली; नोटिशीनं, कर्जानं की संपानं,
गावात तिन्ही सांगतात.
नदीला कुणी काही केलं नाही.
करायचं तेवढं थांबलं.
तीन पूर गेले, चौथ्या वर्षी
शेवाळ हिरवं झालं,
आणि एका सकाळी तारेवर खंड्या,
मान वाकडी करून खाली बघत बसलेला,
विश्वास नसल्यासारखा.

"मनगट सोड," दामू सांगतो, "खांदा नको."
माझं जाळं दुमडलेल्या पोळीसारखं पडतं.
त्याचंही आता पूर्ण गोल उघडत नाही,
एका अंगाला चपटं राहतं,
पोत्यांनी खाल्लेल्या खांद्याकडे.
मुलगा सुरतला. त्याला पोहता येत नाही.

आज जाळ्यात शिंगटी आली, मिशा हलवत.
सोडवताना अंगठ्यात काटा रुतवला तिनं,
पार हाडापर्यंत कळ.
दामू हसला, माझा हात धरून पाण्यात बुडवला.
रक्ताची बारीक रेघ निघाली
आणि बरीच लांबपर्यंत दिसत राहिली.

मी म्हणालो, दामू, तो व्हॉल्व्ह...

"माले माहीत शे," तो म्हणाला.
"रात्ले अडीच वाजता चाक करकरे.
मंग एक दिन करकरानं बंद व्हयनं."
आणि थांबून,
"जायं धर. कोपरा गुतना."

घरी बायकोनं शिंगटी तीनदा हुंगली.
हळद-मीठ लावलं, पुन्हा हुंगली.
"वास येत नाही," ती म्हणाली,
आणि तेल तापत असताना
चौथ्यांदा ताट नाकाशी नेलं.