परतीचा रकाना

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर कोल्टनचा मोजा.
धुतलेला आहे, म्हणतो.
थेडफर्ड, नेब्रास्का, ते पार मेन : एकोणीसशे मैल.
मार्ला म्हणते, विमान.
मी म्हणतो, गाडी.
ब्रिन म्हणते, तुम्ही ठरवा काय ते,
जणू शेजारच्या कुणा मुलीला पोचवायचंय.

विमान म्हणजे चार तिकिटं, सहा बॅगा,
ओमाहापर्यंत पाच तास गाडी हाकायची ती वेगळीच,
आणि छोटा फ्रिज काही मांडीवर घेऊन बसता येत नाही.
गाडी म्हणजे तीन मुक्काम, शिकागोकडचे टोल,
आणि मागच्या सीटवर एकतर गादी-उशा, नाहीतर कोल्टन.
मी बसतो उशांच्या खाली, कोल्टन म्हणाला.
बारा वर्षांचा आहे. खरंच बसेल.

टोलेडोला मार्लाची लव्हर्न मावशी असते.
तिचा सोफा उघडून पलंग होतो, मांजरी पाच,
आणि त्या अंत्यविधीनंतर आम्ही तिला फोन केलेला नाही.
कुणाचा अंत्यविधी, तेही आता चटकन आठवत नाही.
मार्लाने वहीत मावशीचं नाव लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं, आणि पुढे : 'मांजरी. ब्रिनला शिंका.'

कॉलेजच्या गावातल्या खोल्या मार्चमध्येच भरल्यात.
असल्या गोष्टी मार्चमध्ये माहीत असणारी माणसं
कुठे राहतात, कुणास ठाऊक.
आम्हाला मिळाली एक, चाळीस मैल अलीकडे,
फोनवरची बाई म्हणाली, खिडकी आहे, पण उघडू नका.

पत्रात आमची वेळ दिलीय : दहा वीस ते अकरा.
गाडी सोडून जाऊ नये. सामान फुटपाथवर ठेवावं.
मार्ला म्हणाली, चाळीस मिनिटांत कसं होणार?
मी म्हटलं, मी एक थांबा नव्वद सेकंदांत उरकतो.
ती हसली नाही.

तेवीस वर्षं पिवळी बस चालवतोय मी.
यंदा रजा मागितली तेव्हा ऑफिसात आधी शांतता पसरली.
सहा दिवस गेराल्ड चालवेल.
त्याला सांगायला हवं, हचिन्सांची धाकटी
वारा असला की टपालपेटीच्या मागे उभी राहते,
दिसत नाही, पण असते. हॉर्न वाजवू नकोस, दचकते.
त्याला सांगायला हवं, माझ्या वहीत दोनच रकाने आहेत,
सकाळी किती चढली, दुपारी किती उतरली.
आकडे जुळल्याशिवाय किल्ली खिळ्याला लावायची नाही.
शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं,
वाकून बघायचं, कुणी झोपलंय का.

एकदाच सापडलं होतं कुणी झोपलेलं.
ब्रिनच, पहिलीत असताना. तोंड उघडं, एक बूट गायब.
बापाच्याच बसमध्ये बापच विसरला,
गावाला हसायला दोन वर्षं पुरलं.
बूट अजून सापडलेला नाही.

काल रात्री अकराला मी पुन्हा आकडे मांडत बसलो.
डाव्या बाजूला जाणं, उजव्या बाजूला येणं.
डावीकडे पेट्रोल, मुक्काम, माणसं चार.
उजवीकडे पेट्रोल, मुक्काम,
आणि पेन्सिलीचं टोक मोडलं,
म्हणजे मीच दाबलं असेल.

ब्रिन पाणी प्यायला आली होती.
दिवा न लावता माझ्या खांद्यामागे उभी राहिली,
बराच वेळ. ग्लासातलं पाणी तसंच.
मग वाकून तिने टोलेडोवर बोट ठेवलं,
नख कुरतडलेलं, लहानपणापासूनची खोड.
म्हणाली, 'मावशीकडे येताना थांबा, बाबा.
तेव्हा शिंकायला मी नसेन.'

चाकूने पेन्सिलीला टोक काढलं.
लव्हर्न मावशी उजवीकडे लिहिली.
सोफा एक. माणसं तीन.
कोल्टनला जमिनीवर झोपायला आवडतं.