उणे चौतीस

या इमारतीची रात्रपाळीची राखण मी करते.
किल्ल्या माझ्याकडे, बॉयलरही माझ्याच जिवावर.
तिसऱ्या मजल्याच्या टोकाला जी खोली आहे
तिच्या दारावर पाटी नाही.
दोनदा लावली होती, दोनदा कुणीतरी उपटून नेली,
दुसऱ्यांदा खिळ्यांसकट.

आत एक टेबल, एक फोन, एक नोमुंदारी.
वय एकोणीस. दिवसा नर्सिंगचं कॉलेज,
रात्री हा फोन.
तिचा बाप याच शहरात ट्रॉलीबस चालवतो.
त्याची बस आली की ती पुढच्या बसची वाट बघते.

आणि तेमुलेन,
जो जन्माच्या दाखल्यावर मुलगी आहे
आणि बाकी सगळीकडे तेमुलेन.
दोघं मिळून उलानबातरच्या थांब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात.
थंडीत खळ गोठते,
म्हणून बाटली काखेत धरून फिरतात.
चिठ्ठीवर नंबर, त्याखाली एक ओळ:
बोलायचं नसलं तरी लावा.
सकाळपर्यंत निम्म्या फाडलेल्या असतात.
संध्याकाळी पुन्हा काखेत बाटली.

परवा कुठल्याशा दूरच्या देशातून मानपत्र आलं.
जगभरातल्या धीट पोरांच्या यादीत हिचं नाव,
एक अक्षर चुकलेलं.
तिनं दोनदा वाचलं, हसली,
आणि घडी करून खिडकीच्या फटीत कोंबलं,
दगडानं काच गेली तेव्हापासून जिथून वारा येतो तिथे.
खोली थोडी उबदार झाली, खोटं कशाला बोलू.

दर गुरुवारी, अकरा वाजून गेल्यावर,
एक फोन येतो आणि पलीकडे कुणी बोलत नाही.
नुसता श्वास. मागे कुत्रं.
कधी शेगडीचं लोखंडी दार आपटतं.
म्हणजे लांब कुठेतरी माळावर,
नमद्याच्या तंबूत, घरचे झोपल्यावर.
नोमुंदारी फोन ठेवत नाही.
बसला गर्दी होती म्हणते, मोमो महागले म्हणते.
मनगटात आठ हाडं असतात, आज पाठ केली, ऐकतोस का,
ऐकतेस का, ऐक,
आणि आठही नावं सांगते, एक विसरते,
परत पहिल्यापासून सुरू.
वहीत वेळ लिहिते. पुढच्या रकान्यात आडवी रेघ.
अशा अकरा रेघा झाल्या.

मी तिच्या वयाची होते तेव्हा
गालिच्याच्या कारखान्यात माझ्या मागाशेजारी एकजण होती.
एवढंच सांगते.
फोन नव्हता तेव्हा.
असता तरी लावायचा कुणाला.

बाराव्या गुरुवारी पोरीला ताप होता.
खारा चहा घेऊन वर गेले
तर टेबलावर डोकं ठेवून झोपलेली,
गालाखाली हाडांचं पुस्तक.
आणि फोन वाजला.

मला काय बोलता येतं?
किल्ल्या आणि कोळसा.
उचलला. तोच श्वास, तेच कुत्रं.
घसा कोरडा पडला, तोंडात आलं ते बोलून गेले:
इथे उणे एकतीस आहे. तुझ्याकडे?

इतका वेळ गेला की वाटलं, तुटला.

मग कुणीतरी म्हणालं,
चौतीस.

बरं, मी म्हटलं. शेगडीत दोन गोवऱ्या जास्त घाल.
हं, पलीकडून.
आणि फोन ठेवला गेला, आपटून नव्हे,
झोपलेल्या घरात ठेवतात तसा.

नोमुंदारी जागी झाली तेव्हा सांगितलं.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
मग वही ओढली,
आणि रेघेच्या जागी
अंगात ताप असूनही वळणदार अक्षरात लिहिलं: चौतीस.
आवाज मुलाचा होता की मुलीचा,
तिनं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

चहा निवला होता. तसाच प्यायली.
मी कोळसा घालायला खाली गेले.