पलीकडची मोटर

माझ्या बोअरला चारशे दहा फुटांवर
धूळ लागली. पांढरी, पिठासारखी.
गाडीवाला पोरगा म्हणाला, मावशी, बास करा,
आता नुसते पैसेच खाली जातील.

त्याच पाणाड्यानं
(पाळकांना न सांगता आणलेला)
भिंतीपलीकडं, सुवार्ता पाटोळेच्या परसात
पाय आपटला. एकशे साठला पाणी. अडीच इंची.
अख्खं मिशन कंपाउंड बघायला लोटलं.
मीही गेले. स्तोत्र म्हटलं सगळ्यांबरोबर.
ओठ हलत होते, तेवढंच.

बाई, नावच सुवार्ता.
दवाखान्यात आम्ही एकाच महिन्यात लागलो.
ती स्टाफनर्स झाली,
मी आया म्हणून लागले, आया म्हणून निघाले.
हे कुणाजवळ बोलले नाही. देवाजवळही नाही.
त्याच्याशी मी शहाण्यासारखी बोलायची.

दोन उन्हाळे अंबड चौफुलीला टँकरच्या रांगेत,
डोक्यावर ओला टॉवेल, हंड्यावर खडूनं नंबर.
तिच्या हिरव्या नळीचं तोंड
भिंतीवरून आमच्या बाजूला लोंबायचं.
मला वाटायचं, दाखवते.

पहाटे साडेपाचला तिची मोटर सुरू. घूं.
बरोबर माझ्या प्रार्थनेच्या वेळेला.
मी डोळे मिटून म्हणायची, प्रभू, आमच्यावर कृपा कर,
आणि त्या शब्दांच्या बुडाशी गाळासारखं
दुसरंच मागणं बसलेलं:
तिचं आटू दे.

मे महिन्यात एका पहाटे मोटर वाजली नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
मी चहात जास्तीची साखर घातली.
खोटं कशाला सांगू, त्या रात्री
कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं:
तिच्या फाटकातून बाया रिकाम्या हंड्यांनी परतताना.
गवंड्याची बाळंतीण.
शांतवन मास्तरांची आंधळी बहीण,
बादली गुडघ्याला आपटत.
एवढी माणसं पीत होती त्या पाण्यावर!
माझं मागणं पोचत नाही, याचा मला राग होता.
पोचलं असतं तर?

गुडघे टेकले. शब्द नटवले नाहीत.
म्हटलं, क्रुसावर तुलाही तहान लागली होती.
मी असते तिथं, तर आधी विचारलं असतं
पाणी कुणाच्या बोअरचं.
आणि मग बराच वेळ
काहीच म्हणता आलं नाही.

भिशीचे तीन हजार होते,
नातवाच्या बाप्तिस्म्याच्या केकसाठी ठेवलेले.
ते घेऊन पलीकडं गेले.
ती बाजेवर कुरडया उलटत होती.
म्हटलं, मोटर भरून आण.
म्हटलं, तुझं आटावं म्हणून मी देवाला मागत होते.

तिचा हात थांबला.
कुरडई मोडली हातातली.
"दोन उन्हाळे नळी तुझ्याकडं सोडली, रिबका,
ती काय वाळत घातली होती?"
मग पदरानं नाक पुसलं.
"लई लागलं मला हे. कामून सांगितलंस?"
मला उत्तर आलं नाही.
"बस," म्हणाली. बाजेवर जागा नव्हती.
तिनं कुरडया सरकवल्या.

रविवारी पाळकांनी ओंजळीत घेतलं ते पाणी
तिच्याच बोअरचं. नातू किंचाळला, गार लागलं म्हणून.
सगळे हसले. केक नव्हता.
सुवार्तानं शिरा केला होता, जरा करपलेला,
आणि करपला म्हणून मला बरं वाटलं.
ते तिथल्या तिथं, शिरा खाता खाताच,
प्रभूला सांगितलं.

अजूनही तिच्या पोराचा पुण्याहून फोन आला
की आत चर्र होतं.
मग मी उठते. भिंतीशी जाते.
हिरवी नळी ओढून घेते आमच्या रांजणात.
पाणी लगेच येत नाही.
आधी हवा येते, फुसफुसत.
मग माती.
मग येतं.