काय लागलंय

एकतीस वर्षं टॉकीजच्या सायकल स्टँडवर काढली.
आत बसून पिक्चर पाहिले ते मोजून सात.
बाकीचे सगळे बाहेरून ओळखले,
सुटलेल्या माणसांवरून.

मारधाडीचा असला की
पोरं घोडी लाथेनं उडवायची,
बिल्ला माझ्या तळहातावर आपटायची,
आणि नाना पेठेतला शिंप्याचा बारक्या,
ज्याला हवा भरतानाही धाप लागायची,
तो पळत पळत टांग टाकायचा.

रडक्याला उशीर लागायचा.
खेळ सुटून पाच मिनिटं झाली तरी गेटात कुणी नाही.
मग बायका, पदर नाकाशी,
मागून नवरे, कुलपाशी उगाच खटपट करत,
किल्ली हातातच असताना.
घंटी कुणी वाजवायचं नाही. त्या रात्री
लक्ष्मी रोडपर्यंत सगळे कसे शहाण्यासारखे डाव्या बाजूनं.

भुताचा शेवटचा खेळ सुटला की
पर्वतीला जाणारा खडकीच्या माणसाला विचारायचा,
कुठल्या बाजूला हो तुम्ही?
आणि दोघंही म्हणायचे, तिकडंच.

विनोदीला बिल्ले हरवायचे. एका आठवड्यात एकोणीस.
धार्मिक ओळखायला सगळ्यात सोपा:
उरलेले पाच पैसे कुणी परत मागायचं नाही.
पुण्यात. आणखी काय सांगू.

पोस्टरवर मी कधी विश्वास ठेवला नाही.
हातभर लांब पिस्तूल रंगवलेलं असायचं
आणि लोक बाहेर येऊन म्हणायचे, आईला पत्र टाकायला हवं.
रंगवणारा मुनीर म्हणायचा, मालक बोलला पिस्तूल काढ, काढलं.
मी कुठं पाहिलाय?

दोनदाच ओळखता आलं नाही.

एकदा एक्केचाळीस नंबर.
हिरवी सायकल, कॅरियरला डबा.
सगळ्या गेल्या, ती राहिली.
डब्यात अर्धी भाकरी होती, म्हणजे माणूस परत येणार होता.
आला नाही.
आठ महिने मी तिच्या चाकांत हवा भरत राहिलो.
आत त्या रात्री विनोदीच चालू होता.
हरवलेल्या एकोणीस बिल्ल्यांत
त्याचा मी धरत नाही.

दुसऱ्यांदा हौसा.
मंगळवारी, न सांगता, तीनच्या खेळाला.
सुटलेल्या गर्दीत एकदम दिसली,
हातात मंडईची पिशवी, कोथिंबीर पार मलूल.
तिच्याकडं ना सायकल, ना बिल्ला.
मी तोंडाकडं पाहिलं. रडलेली नव्हती. हसलेलीही नाही.
घाबरलेली म्हणावं तर चाल ठाम.
विचारलं, कसला होता?
चांगला होता.
अगं, पण कसला?
संपला तेव्हा कळलंच नाही, संपलाय म्हणून.

रात्री डबलसीट घरी नेताना
लकडी पुलावर ती एकटीच हसली.
मला मागं वळता आलं नाही,
समोरून बस येत होती.

टॉकीज पाडली. तिथं आता बूट मिळतात.
तळघरात गाड्या लावतात, चिठ्ठी मशीन देतं.
नातू फोनवर दाखवतो,
पिक्चर सुरू व्हायच्या आधीच लिहून येतं कसला आहे,
किती वयाच्या माणसानं घाबरावं तेसुद्धा.

माझं लांबचं बघणं गेलं. जवळचं दिसतं.
वारज्याच्या घरात संध्याकाळी हौसा टीव्ही लावते.
धडाम धडाम तीनदा वाजलं की मी म्हणतो, सासू.
बरोबर निघतं. ते काय, कुणालाही येईल.
पण एखाद्या दिवशी तिचा हात थांबतो,
गवारीची शेंग अर्धी मोडलेली तशीच बोटांत,
आणि आवाजावरून मला काही म्हणजे काही कळत नाही.
मग मी खुर्ची जरा फिरवून
तिच्याकडं बघत बसतो.

इकडं काय बघताय?

काय लागलंय ते.