पूर्वपक्ष

सांगलीच्या मार्केट यार्डात, सौदे उरकल्यावर,
दर गुरुवारी पायगोंडांच्या अडतीमागच्या खोलीत
आम्ही पाच जण एक ग्रंथ वाचतो.
नाव माहीत नाही.
पुरानं पुढची चाळीस पानं नेली
आणि दोनशे बारानंतरची सगळी.
मधला भाग वाळला हळदीच्या दोन पोत्यांमध्ये,
त्यामुळे त्यातल्या विचारांच्या कडा पिवळ्या आहेत.

मी काट्यावर असतो. आकडे ओरडून आवाज मोकळा झालाय,
म्हणून वाचायचं काम माझं.
इलाही बागवान दोन ओळी झाल्या की हात वर करतो :
"थांब. 'ज्ञान' म्हणजे इथं नेमकं कुठलं?"
सिस्टर हारगे नाईट ड्युटीच्या आधी येतात,
भडंगाचा डबा मधोमध ठेवतात,
आणि आत्म्याविषयी बोलताना हमखास
एखाद्या पेशंटचा खाट नंबर सांगतात.
पायगोंडा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत;
सात बाजूंनी बघून झालं की आठवी शोधतात.
अण्णाप्पा कोळेकर दाराशी, गुडघे पोटाशी घेऊन.
हमाल. खांद्यावर अजून आकडा.

तीन वर्षं आम्ही एका वाक्याशी झटलो.
पान सत्त्याऐंशी :
जे जाणलं नाही, त्याचं ओझं नाही.
बागवानला ते वाचताक्षणी पटलं.
सिस्टर म्हणाल्या, नऊ नंबरला रिपोर्ट सांगितलाच नव्हता,
शेवटपर्यंत हसत होता तो.
पायगोंडा म्हणाले, एका अंगानं खरं.
तेव्हा दारातून अण्णाप्पा बोलला,
"पोत्यात काय हाय ते ठावं नसलं
तरी मणका वाकतोच की."

आम्ही हसलो. टिंगल म्हणून नव्हे, पण हसलो.
मीच म्हटलं, अण्णा, ही ग्रंथातली गोष्ट आहे.
पुढच्या गुरुवारी तो आला,
त्याच्या पुढच्याही.
ऐकायचा, भडंग खायचा.
बोलला नाही.

गेल्या महिन्यात गणपती पेठेत, रद्दीवाल्याकडे
(काटा दिसला की मी थांबतो, सवय)
तोच टाईप, तोच कागद.
अख्खा.
आत कुणा मास्तरांचा शिक्का, खुणेला एसटीचं तिकीट.
किलोच्या भावानं घेतला.
घरी आमच्या फाटक्या ग्रंथाशी तोलून बघितला :
हरवलेल्या पानांचं वजन पाव किलो, वर थोडं.

रात्री वाचायला बसलो. पान अकरा :
आता मी माझ्या विरोधकाचं म्हणणं मांडतो,
त्याला स्वतःला जमलं नसतं इतकं नीट मांडतो,
मगच खोडीन.
आणि तिथून पुढे
आमचा सगळा ग्रंथ.
पान दोनशे तेरावर लेखक घसा खाकरतो
आणि जाऊन बसतो थेट
दाराशी, अण्णाप्पाच्या शेजारी.
त्याचे शब्द वेगळे. मणका नाही त्यात,
लांब वाक्यं आहेत, खाली टीपा आहेत.
बसणं तेच.

दोन गुरुवार मी तो पिशवीतून नेला
आणि तसाच परत आणला.
चौघांना पत्ता नव्हता, त्यांना ओझं नव्हतं,
असं म्हणायचं का?
मला तरी आता म्हणता येत नव्हतं.
बोटांवर पिशवीच्या बंदांचे वळ होते.

तिसऱ्या गुरुवारी आत जाण्याआधी
लॉरीच्या फाळक्याशी अण्णाप्पाला गाठलं.
सगळं सांगितलं. पूर्वपक्ष म्हणजे काय, तेही.
त्यानं पाठीवरचं पोतं उतरवलं नाही,
वाकूनच ऐकलं, जमिनीकडे बघत.
"मग आधीच का न्हाई बोलला त्यो?"
म्हटलं, आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यायची रीत असते.
"दोनशे पानं?"
हो.
तो फळीवरून चढून गेला.
थप्पीआडून आवाज आला,
"माणूस बरा दिसतोय. मला वाचून दाखव त्याचं.
पर आज नको, आज दोन गाड्या हायत्या."

आत बागवान हात वर करून बसला होता.
मी अजून पान उघडलंही नव्हतं.