उसनं नाव

जिन्याखालच्या कपाटात, बीअरच्या उपड्या क्रेटवर
ते बसलेलं असतं: आमच्या दवाखान्याची फायरवॉल.
एंडेलनं जुन्या कॉम्प्युटरातून जुळवलेली.
दोन कार्डं, दोन वायरी,
चिकटपट्टीवर त्याचं तिरकं अक्षर:
आत.
बाहेर.
एंडेल ऑक्टोबरात गेला.

जानेवारीत, हिउमाचा समुद्र काठाकाठानं गोठला तेव्हा,
रोज दहाच्या सुमारास नेट लंगडायला लागलं.
पार बंद पडतं तर सोपं होतं.
शंभर पाकिटं सोडली की साठ पोचायची,
चाळीस मधेच गळायची,
आणि डॉक्टर लुइगे खोलीतून ओरडायचे:
एक्स-रे अर्धाच आलाय, बरगड्या काय अंदाजानं मोजू?

माझं काम नोंदवहीचं. पण एंडेलला चहा मीच द्यायचे,
म्हणून हे माझ्याकडे आलं.

वायर बदलली. स्विचचं भोक बदललं.
पैलतीरावरचा तज्ज्ञ फोनवर म्हणाला, स्विचच नवा घ्या.
घेतला. फेरीनं आला, तीन दिवसांनी.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बाहेरच्या कार्डाचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता,
"कसं वाटतंय?" म्हटलं की "छान" म्हणणाऱ्या
म्हाताऱ्यांसारखा. रोज बघते मी त्यांना.
खरं दुखणं ते दाराच्या मुठीला हात लावल्यावर सांगतात.

मग एका सकाळी कपाटात हात घातला
आणि पाइपाला चटका बसला.
साडेनऊला हीटर सुरू होतो. दहापर्यंत कार्ड तापतं.
एवढंच.

तरी खात्री म्हणून कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं.
यंत्रानं उठल्या उठल्या खाचा मोजल्या,
पहिलं ते आत, दुसरं ते बाहेर,
आणि दहा मिनिटं भिंतीचं तोंड आमच्याचकडे होतं;
जगाला मोकळी वाट, आम्हाला मज्जाव.
घाम फुटला. पट्ट्यांप्रमाणे पुन्हा लावलं.
दुखणं मात्र कार्डाबरोबर चालत गेलेलं बघितलं होतं.

दातांच्या विभागातल्या भंगारात एक कार्ड सापडलं.
धूळ फुंकली, बसवलं, स्क्रू आवळला.
हिरवा दिवा. नेट नाही.

टॅलिनची मुलगी फोनवर अदबीनं म्हणाली:
त्या जोडणीवर आमच्या ओळखीचं एकच कार्ड आहे.
नव्याची नोंद करायला ग्राहकाची सही लागेल.
ग्राहक एंडेल साल्मिस्तू.
त्यांना फोन देता?

मी म्हटलं, ते आत्ता इथे नाहीत.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
टेबलदिव्याखाली जुनं कार्ड धरलं.
पाठीवर कारखान्यात छापलेली बारा अक्षरं,
मुंगीएवढी. चष्म्यावर भिंग धरून वाचली,
एकेक करून नव्याला शिकवली:
कुणी विचारलं तर हे सांगायचं.

त्यानं सांगितलं. टॅलिननं ओळखलं.

सकाळी साडेदहाला एक्स-रे पूर्ण उतरला,
एका कोळ्याच्या छातीचा, बाराच्या बारा जोड्या.
डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले, "एंडेल येऊन गेला वाटतं,"
आणि मग बराच वेळ
फिल्मकडेच बघत राहिले.

जुनं कार्ड खिडकीत ठेवलंय, काचेला टेकून.
तिथे उणे अकरा आहे.
गार राहिलं तर अजून ठीक चालेल ते.
फेकवत नाही.