तीन मिनिटं

हत्तरगीच्या फाट्यावर गाडीनं आम्हाला उतरवलं,
हातात शून्य रुपयांची दोन तिकिटं.
पट्टणशेट्टीनं ती घडी घालून पर्समध्ये ठेवली,
फुकटचं असलं तरी हिशेबाला लागतं म्हणाली.
चाळीस वर्षं मी तिला आडनावानंच हाक मारते.
ती मला, ए बिर्जे.

तिथून दीड किलोमीटर, उसाच्या कडेकडेनं.
तिचा गुडघा, माझी छत्री
आणि दोघींत मिळून पाव किलो फुटाणे.
अठ्ठावीस तारखेला ती हुबळीला जाणार, लेकीकडे, कायमची.
हे सोडून आम्ही सगळं बोललो.

साखर कारखान्यातल्या कुणा रिटायर्ड केमिस्टानं
आपल्या मळ्यात गाव उभारलंय:
सिमेंटचे बैल, सिमेंटचा कुंभार,
सिमेंटच्या कोंबडीखाली एक खरं अंडं
(कुणाचं, ते विचारलं नाही).
पाट्या कन्नडमध्ये. मला अक्षरं येतात, पण एकेक,
तांदळातले खडे वेचावेत तशी.
म्हणून ती वाचते.
कूरिगी. कुरी गं, आमच्यातही कुरीच.
कुंटी. कुळव.
गुरेळ्ळ. कारळं.
हरवी. हरवली कुठं? ही काय घागर!
ती हसली, आणि मला आठवला बोर्ड,
ह्या भोकातली पिन त्या भोकात,
हा गाव त्या गावाला.

पाटलाच्या सोप्यात काळा फोन, डायल नसलेला.
पाटीवर काय लिहिलंय, तिनं दोनदा वाचलं.
प्राचीन दूरवाणी.
"प्राचीन काय रे?" ती भिंतीलाच म्हणाली,
"रोज सकाळी सातला हा माझ्या कानात ओरडायचा,
टोळी आली का, ट्रॅक्टर निघाला का."
तो हाच कशावरून, असं मी म्हणणार होते.
तिनं रिसीव्हर पदरानं पुसला
आणि जागेवर ठेवला, उलटा.

मग जातं.
सिमेंटची बाई एकटीच दळत बसलेली,
समोरची जागा मोकळी.
"एकटीला कशाला बसवलीय हिला," पट्टणशेट्टी म्हणाली,
चपला काढल्या,
आणि खाली बसता येत नाही म्हणून
सरळ त्या बाईच्या मांडीवर बसली.
"मुट्टबेडरी, अक्का, मुट्टबेडरी!"
राखणीचा पोरगा अडिवेप्पा शिट्टी फुंकत आला.
त्याच्याकडं बघून तिनं मला विचारलं,
"बघत काय उभारलीस? बैस की."

सुपातली जोंधळ्याची कणसंसुद्धा डिंकानं चिकटवलेली.
आणि रिकामं जातं फिरवू नये,
हे तिच्या आईनं तिच्या भाषेत
आणि माझ्या आईनं माझ्या भाषेत सांगून ठेवलेलं.
म्हणून फुटाणे.
मूठभर घातले. खुंट्यावर तिचा हात, त्यावर माझा.
दगड आधी कुरकुरला, मग खोकला,
मग कुणीतरी घसा साफ करून बोलायला लागावं तसा
लागला फिरायला.

जात्यावरचं गाणं दोघींनाही येत नव्हतं.
आमच्या पहाटा नाइट ड्यूटीत गेल्या,
कानाला हेडफोन, बाहेर क्लब रोडवर धुकं.
तीच सुरू झाली, तो जुना नाकातला आवाज काढून:
बेळगाव ट्रंक, बोला.
अर्जंट की ऑर्डिनरी?
निपाणी, लाइन सोडू नका.
गोकाक, पार्टी नो रिप्लाय.
मी म्हटलं, हुबळी.
हुबळी, हुबळी, ऐकू येतंय का.
ती काही बोलली नाही.
जातं फिरत राहिलं,
पिवळं पीठ पाळूवरून सांडत राहिलं
सिमेंटच्या लुगड्यावर.

"तीन मिनिटं झाली," मी म्हटलं. सवयच ती.
"वाढवायची?"
तिनं पिशवीत हात घातला,
तळाशी राहिलेले चार-सहा दाणे काढले,
जात्याच्या तोंडात टाकले.
"इन्न स्वल्प," म्हणाली.
अडिवेप्पानं शिट्टी खिशात टाकली
आणि तळहात पुढं केला.